कुस्तोदिएवची जत्रा

बोरिस कुस्तोदिएव या रशियन चित्रकाराचं १९१८ सालचं एक चित्र आहे : चहा पीत बसलेली व्यापाऱ्याची बायको. आपल्या खानदेशातल्या सोनगीरच्या एखाद्या तांबटाला ते दाखवलं, तर तो त्या गोऱ्यापान, भरल्या अंगाच्या बाईआधी तिच्याजवळचा समोवार, म्हणजे चहाचं पाणी तापवायचं धातूचं भांडं, न्याहाळेल. ज्या गावाचं नाव ब्रिटिशांच्या गॅझेटियरनं तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आणि घोंगड्यांसाठी नोंदवून ठेवलं, तिथली नजर मालावरच जायची. कुस्तोदिएवच्या जत्रेच्या चित्रांकडे याच नजरेनं पाहावं.

त्याचा जन्म १८७८ मध्ये व्होल्गाकाठच्या आस्त्राखानचा. वडील मास्तर, पोर दोन वर्षांचं होण्याआधीच गेले. आईनं एका व्यापाऱ्याच्या वाड्यात भाड्यानं बिऱ्हाड थाटलं. दुकानदारांची खाणीपिणी, सणवार, थाटमाट हे सगळं त्याला फुकट पाहायला मिळालं. पुढे पीटर्सबर्गला इल्या रेपिनच्या हाताखाली शिकला. शेवटच्या परीक्षेसाठी चित्र काढलं तेही खेड्यातल्या बाजाराचं. सुवर्णपदक मिळालं.

त्या बाजाराचं गाव कोस्त्रोमा प्रांतातलं सेम्योनोवस्कोए-लापोत्नोए. झाडाच्या सालीच्या विणलेल्या जोड्यांसाठी ते प्रसिद्ध. कुस्तोदिएवनं १९०५ मध्ये त्याच भागात घर बांधलं आणि १९०६, १९०८, १९१० अशी तीनदा 'जत्रा' रंगवली. पहिली त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. कागदावर, अपारदर्शक जलरंगात. ती काढायला सांगितली सरकारी कागद छापणाऱ्या कारखान्यानं, म्हणजे नोटा छापणाऱ्यांनीच! सामान्य लोकांसाठी स्वस्त छापील चित्रांची मालिका त्यांना काढायची होती. दिवस कसले होते, तर १९०५ च्या क्रांतीचे. मॉस्कोच्या रस्त्यावरून रक्ताळलेला सांगाडा चालतोय, असं चित्र याच माणसानं तेव्हा 'झुपेल' या व्यंगपत्रासाठी काढलं होतं. दोन्ही हात एकाचेच, हे विसरून चालणार नाही.

जत्रेत मात्र रक्त नाही. लाल-पिवळे रुमाल बांधलेल्या बाया, दाढीवाले शेतकरी, मांडलेली दुकानं, मागे देवळाचे घुमट. मला आवडतं ते हे, की यातलं कुणी आपल्यासाठी उभं नाही. कितीतरी जण तर पाठमोरेच. कुणी वस्तू हातात घेऊन पाहतंय, कुणी नुसतंच रेंगाळतंय. रंगांचा एवढा धुमाकूळ असूनही हे सणाचं चित्र वाटत नाही, खरेदीचं वाटतं.

खानदेशात हे समजावून सांगावं लागत नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीला एकमुखी दत्ताचं दर्शन होतं आणि तापीकाठी घोड्यांचा सौदाही. चैत्री पौर्णिमेला धुळ्यात एकवीरादेवीची यात्रा, वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची. यात्रेतून घरी येताना गोडीशेव हवीच. पण दुकानं गावोगाव पोचण्याआधी बाया घागरी-परातीही अशाच ठिकाणी ठोकून, वाजवून घेत. देव निमित्ताला होता असं म्हणणार नाही. बाजारही निमित्ताला नव्हता, एवढंच.

१९१६ मध्ये मणक्यातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर कुस्तोदिएवचे पाय कायमचे गेले. त्याच वर्षी त्यानं 'मास्लेनित्सा' हा हिवाळा सरतानाचा रशियन सण रंगवला : बर्फ, घसरगाड्या, धावते घोडे, गुलाबी-हिरवं आकाश. हे त्याचं जास्त गाजलेलं चित्र. मला मात्र आधीच्या जत्रा सरस वाटतात. 'मास्लेनित्सा'त आठवण बोलते, आणि आठवणीतली माणसं घासाघीस करत नाहीत.

तरी हिंमत पाहा. विख्यात गायक फ्योदोर शाल्यापिनचं पूर्णाकृती चित्र त्यानं १९२१ मध्ये असंच खिळलेल्या अवस्थेत काढलं. कॅनव्हास छताजवळ कप्पीनं टांगलेला, तिरका. हवा तो भाग दोर सोडून हाताशी आणायचा. अख्खं चित्र लांबून पाहणं त्याला शक्यच नव्हतं. फरचा कोट घातलेल्या त्या धिप्पाड गायकाच्या मागे, खाली, पुन्हा जत्रा भरलेली आहे : मांडव, घसरगाड्या, गर्दी. शाल्यापिन १९२२ मध्ये रशिया सोडून गेला तो परतलाच नाही. कुस्तोदिएव १९२७ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, लेनिनग्राडमध्ये वारला.