आउटबोर्ड मोटारीचे शीतनजल निर्गमछिद्र

आउटबोर्ड मोटारीचे शीतनजल निर्गमछिद्र म्हणजे होडीच्या मागील फळीवर बाहेरून बसविलेल्या इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पाण्याचा थोडा अंश ज्या बारीक छिद्रातून धारेच्या रूपाने बाहेर पडतो, ते छिद्र होय. ही धार दिसत असेल तर पाण्याचा पंप चालू आहे असे समजते. म्हणून तिला निदर्शक धार म्हणतात. छिद्राचा व्यास अवघा काही मिलिमीटर असल्यामुळे गाळ, वाळू, क्षार, पाणवनस्पतींचे तंतू किंवा कीटकांची घरटी यांनी ते सहज तुंबते. केवळ छिद्र तुंबले तर चालकाला मिळणारी पूर्वसूचना नाहीशी होते. आतील जलमार्गच तुंबला तर इंजिन अल्पावधीत तापून बंद पडू शकते. मासेमारी, जलक्रीडा आणि पूरकाळातील बचावकार्य या तिन्ही क्षेत्रांत या छिद्राची निगा हा सुरक्षिततेचा भाग मानला जातो.

शीतनव्यवस्थेची रचना

नॉर्वेत जन्मलेले अमेरिकी संशोधक ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास मिलवॉकी येथे आउटबोर्ड मोटारीचे व्यावसायिक उत्पादन सुरू केले. मोटारगाडीत थंड करणारे द्रव बंदिस्त नळ्यांतून फिरते आणि रेडिएटरमध्ये थंड होऊन परत येते. बहुतेक आउटबोर्ड मोटारींत मात्र रेडिएटर नसतो. इंजिन ज्या पाण्यात चालते तेच पाणी आत घेते, फिरविते आणि बाहेर सोडते. त्यामुळे नदीत किंवा समुद्रात जे मिसळलेले असते ते इंजिनाच्या अंतर्भागातही पोहोचते.

मोटारीच्या पाण्याखालील भागावर जाळीदार प्रवेशछिद्रे असतात. त्यांतून आलेले पाणी इंपेलर नावाचे रबरी पात्यांचे चाक वर ढकलते. हे चाक प्रॉपेलर फिरविणाऱ्या उभ्या दांड्यावरच बसविलेले असते, म्हणून इंजिन सुरू होताच तेही फिरू लागते. वर चढलेले पाणी नळीतून सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्यांत जाते. तेथील थर्मोस्टॅट ठरावीक तापमानाला उघडतो आणि पाण्याचा प्रवाह नियंत्रित करतो. उष्णता घेतलेले बहुतांश पाणी धुराबरोबर खाली उतरून पाण्यातच विसर्जित होते आणि थोडे पाणी निर्गमछिद्रातून बाहेर पडते.

काही मोटारींत निदर्शक धारेचे पाणी थर्मोस्टॅटच्या अलीकडूनच वळविलेले असते. अशा वेळी धार जोरदार असूनही थर्मोस्टॅट अडकल्यामुळे सिलिंडर तापू शकतात. धार असणे म्हणजे पंप चालू असणे. संपूर्ण इंजिन थंड असल्याची ती हमी नव्हे.

तुंबण्याची कारणे

गाळ आणि वाळू हे सर्वांत सामान्य कारण आहे. उथळ पाण्यात प्रॉपेलर तळ ढवळतो आणि तो गाळ प्रवेशछिद्रांतून आत जातो. इंजिन चालू असेपर्यंत बराचसा गाळ पाण्याबरोबर वाहून जातो. परंतु काम संपल्यावर जो आत उरतो तो वाळून चिकटतो. पुढील वेळी त्याचे खडे सुटतात आणि सर्वांत अरुंद जागी, म्हणजे निर्गमछिद्राशी अडकतात. छिद्र वापराच्या वेळी तुंबलेले आढळले, तरी त्याचे मूळ अनेकदा आधीच्या वापरानंतरच्या दुर्लक्षात असते.

खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या मोटारींत मिठाचे स्फटिक आणि अ‍ॅल्युमिनियमच्या गंजाचे कण साचतात. नद्या व जलाशयांत जलपर्णीची मुळे, शेवाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या प्रवेशछिद्रांची जाळी झाकून टाकतात. झिजलेल्या इंपेलरचे तुटलेले रबरी तुकडे आतूनच अडथळा निर्माण करतात. मोटार दीर्घकाळ पडून राहिल्यास कुंभारीण माशी छिद्रात मातीचे घरटे बांधते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर पावसाळ्यात बंदी असते. त्या काळात पडवीत ठेवलेल्या मोटारींची छिद्रे हंगामाच्या आरंभी तपासणे त्यामुळे आवश्यक ठरते.

पूरस्थितीतील महत्त्व

पुण्यातील कर्वेनगर हे उपनगर मुठा नदीच्या डाव्या तीरावर वसलेले आहे. राजाराम पूल त्याला उजव्या तीरावरील सिंहगड रस्त्याशी जोडतो. वरच्या बाजूस असलेल्या खडकवासला धरणातून पावसाळ्यात पाणी सोडले की या पट्ट्यातील नदीपात्र भरून वाहते. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्ता परिसरातील एकता नगरी भागात पुराचे पाणी शिरले आणि रहिवाशांना बाहेर काढण्यासाठी बोटी वापराव्या लागल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा यांच्या महापुरात सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतही मोठ्या प्रमाणावर बोटींनी बचावकार्य झाले. अशा प्रसंगी जाणाऱ्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यातील सुदुंबरे येथे आहे.

बचावबोटीची मोटार वर्षातील बहुतेक काळ पडून असते आणि जेव्हा चालते तेव्हा अत्यंत गढूळ, कचऱ्याने भरलेल्या पाण्यात चालते. तुंबण्याची दोन्ही प्रमुख कारणे तिच्या बाबतीत एकत्र येतात. गल्लीतील संथ पाण्यात मोटार बंद पडली तर बोट वल्ह्यांनी किंवा दोराने ओढून नेता येते. मुख्य प्रवाहात मात्र ती नियंत्रणाबाहेर जाऊन पुलाच्या खांबावर किंवा झाडावर आदळण्याचा धोका असतो.

प्रतिबंधक उपाय

वापरापूर्वी : प्रवेशछिद्रांची जाळी आणि निर्गमछिद्र डोळ्यांनी तपासावे. मोटार पाण्यात उतरवून सुरू केल्यावर सुमारे एका मिनिटात धार दिसली पाहिजे. पाण्याविना इंजिन काही क्षणही चालवू नये. कारण इंपेलरची रबरी पाती पाण्यामुळेच घर्षणापासून वाचतात आणि कोरडी फिरल्यास झपाट्याने खराब होतात. मोटार नवी असतानाच तिच्या धारेचा नेहमीचा जोर लक्षात ठेवल्यास पुढे होणारा बदल लगेच ओळखता येतो.

वापरताना : उथळ जागी वेग कमी करावा आणि मोटार किंचित वर उचलावी; मात्र प्रवेशछिद्रे पाण्याखालीच राहतील याची दक्षता घ्यावी. तळ लागण्याचा संभव असेल तेथे इंजिन बंद करून वल्ह्यांचा वापर करावा. जलपर्णीच्या थरातून जाणे शक्यतो टाळावे. बोटीवर दोन माणसे असतील तर एकाने अधूनमधून धारेकडे पाहावे.

वापरानंतर : गोड्या, स्वच्छ पाण्याने आतील मार्ग धुणे हा सर्वांत प्रभावी उपाय आहे. प्रवेशछिद्रांवर रबरी झाकणांची जोडी बसवून तिला नळाची नळी जोडतात, किंवा मोटारीचा खालचा भाग स्वच्छ पाण्याच्या पिंपात बुडवितात. पिंपातील पाण्याची पातळी प्रवेशछिद्रांच्या बरीच वर असावी लागते. त्यानंतर इंजिन गिअरमध्ये न टाकता मंद गतीने सुमारे दहा मिनिटे चालवितात. इंजिन पुरेसे तापून थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय पाणी सर्व पोकळ्यांत पोहोचत नाही, म्हणून घाईने केलेली धुलाई अपुरी ठरते. काही मोटारींना धुण्यासाठी स्वतंत्र जोडणी असते. तिचा वापर इंजिन बंद ठेवून करावा की चालू ठेवून, हे त्या मोटारीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. हे काम मोकळ्या हवेत, प्रॉपेलरपासून दूर उभे राहून करावे. पूरकार्यानंतर थकलेल्या पथकाकडून ही पायरी राहून जाण्याची शक्यता असते. म्हणून तिची जबाबदारी आधीच एका व्यक्तीवर सोपविणे हितावह असते.

साठवण व देखभाल : मोटार उभी ठेवावी, म्हणजे आतील पाणी निथळते. निर्गमछिद्रावर कापडी झाकण बांधल्यास कुंभारीण माशी आत शिरत नाही. सुरू करण्यापूर्वी ते आठवणीने काढावे. इंपेलर बाहेरून ठीक दिसला तरी निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलावा. त्याचे एखादे पाते तुटलेले आढळल्यास तुटलेला तुकडा शोधून काढल्याशिवाय नवा इंपेलर बसविणे अपुरे ठरते. पडून असलेली बचावबोटीची मोटार ठरावीक दिवसांनी पिंपात चालवून पाहावी.

धार थांबल्यास करावयाची तपासणी

धार बारीक झाली किंवा थांबली तर सुरक्षित ठिकाण गाठून इंजिन ताबडतोब बंद करावे. प्रवाहात असल्यास आधी बोट नांगर किंवा दोराने स्थिर करावी. त्यानंतर मोटार वर उचलून जाळीवरील प्लॅस्टिक किंवा वनस्पती काढाव्यात. जाळी स्वच्छ असूनही धार येत नसेल, तर इंजिन बंद असतानाच निर्गमछिद्रात तंगुसाचा जाड तुकडा हलक्या हाताने फिरवावा. लोखंडी तार वापरू नये. तिने नळीला भोक पडू शकते किंवा धातूवर ओरखडे उठून तेथे गंज धरतो. जोराने आत ढकलल्यास अडथळा आणखी खोल जातो. शक्य असेल तेथे छिद्रामागील रबरी नळी सोडवून छिद्र आतून बाहेरच्या दिशेने साफ करणे अधिक योग्य असते.

नळी सोडविल्याने दोषाचे स्थानही समजते. मोटार पाण्यात ठेवून इंजिन थोडा वेळ चालविल्यावर सुटलेल्या नळीतून पाणी जोराने आले, तर अडथळा केवळ छिद्राशी आहे. तेथूनही पाणी आले नाही, तर इंपेलर, पाण्याची नळी किंवा आतील मार्ग यांत दोष असतो आणि तो कार्यशाळेतच दूर करावा लागतो. धार नेहमीच्या जोराची असूनही वाफाळलेली असेल किंवा तापमानाचा इशारा वाजत असेल, तर थर्मोस्टॅट अथवा सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्या तपासाव्यात.

प्रचलित गैरसमज

तापणाऱ्या इंजिनातील थर्मोस्टॅट काढून टाकल्यास दोष मिटतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तसे केल्याने मंद गतीत इंजिन प्रमाणापेक्षा थंड राहते, इंधनाचे ज्वलन नीट होत नाही आणि मूळ अडथळा तसाच राहतो. धार थांबली तरी इशारा वाजेपर्यंत पुढे जाण्यास हरकत नाही, हाही समज धोक्याचा आहे. इशारा तापमान वाढल्यानंतर वाजतो. धार त्याआधीच थांबलेली असते. छोट्या व जुन्या मोटारींत तर असा इशारा नसतोच, आणि तेथे निदर्शक धार हीच चालकाला मिळणारी मुख्य सूचना असते.