दंड भरला, पॉइंट राहिले

जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझा भाचा अचानक घरी आला. तो शारजात व्हॅन चालवतो. एरवी त्याची सुट्टी मे महिन्यात, सहा महिने आधी ठरलेली. या वेळी धो धो पावसात एक बॅग घेऊन दारात उभा! बहीण आनंदाने रडली. मी पडले शिक्षिका. गृहपाठ झालेला नाही हे मुलाच्या चेहऱ्यावरून ओळखायची सवय. चौथ्या दिवशी माझ्याकडे चहाला आला तेव्हा म्हणाला, "खाला, लायसन्स तीन महिन्यांसाठी गेलं. बिनपगारी रजेवर पाठवलंय. अम्मीला एवढ्यात सांगू नका."

आपल्या कोकणातल्या किती घरांची चूल दुबई, शारजा, अबुधाबीतल्या कोणाच्या तरी स्टिअरिंगवर पेटते, हे वाचकांना सांगायला नको. म्हणून त्याच्याकडून जे समजले ते इथे लिहिते आहे.

आपल्याकडे ई-चलानचा मेसेज आला की रक्कम भरायची आणि विसरून जायचे, अशी सवय. अमिरातीत मात्र एकाच चुकीचे दोन हिशेब असतात. एक दिरहमचा, दुसरा लायसन्सवर चढणाऱ्या ब्लॅक पॉइंटचा. पैसे भरले की पहिला मिटतो, दुसरा तसाच राहतो. २०१७ पासून लागू असलेल्या तक्त्यानुसार गाडी चालवताना मोबाइल हातात घेतला तर ८०० दिरहम आणि ४ पॉइंट. सीटबेल्ट नसेल तर ४०० दिरहम आणि ४ पॉइंट, आणि मागे बसलेल्याने पट्टा लावला नसला तरी भुर्दंड चालकालाच. चार वर्षांखालच्या बाळाला खास खुर्चीत न बसवता नेले, तरी तेवढेच. (बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसणाऱ्या आपल्या सुनांनी हे लक्षात ठेवावे.) पुढच्या गाडीला चिकटून गाडी हाकली, तरी ४०० आणि ४. हलक्या वाहनाने लाल सिग्नल तोडला की १,००० दिरहम, १२ पॉइंट आणि गाडी ३० दिवस अटकेत. दुबईने २०२३ मध्ये काही गुन्ह्यांसाठी याहून कडक नियम केले आहेत. बेरीज २४ झाली की लायसन्स तीन महिने जाते, दुसऱ्यांदा सहा महिने, तिसऱ्यांदा वर्षभर.

दंडाच्या पैशांत सवलत मिळते. शारजा आणि अबुधाबीत ६० दिवसांच्या आत भरले तर ३५ टक्के, त्यानंतर वर्षाच्या आत भरले तर २५ टक्के. गंभीर गुन्हे मात्र यातून वगळलेले. दंड थकला की गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण अडते, म्हणून कंपन्या पैसे भरून टाकतात आणि ड्रायव्हरला वाटते, सुटलो. सवलतीच्या नावाखाली लिंक पाठवून लुबाडणारेही आहेत. पैसे पोलिसांच्या किंवा गृह मंत्रालयाच्या अ‍ॅपवरूनच भरावेत.

पॉइंट उतरवायचे रस्ते वेगळे. वर्षभरात ते आपोआप गळतात. त्याआधी उतरवायचे असतील तर २४ होण्यापूर्वीच प्रशिक्षणाचा वर्ग करायचा. त्याने ८ पॉइंट कमी होतात, पण वर्षातून एकदाच. आणखी एक सोय मला शिक्षिका म्हणून फार आवडली. ऑगस्टच्या अखेरीस तिथल्या शाळा उघडतात, तो पहिला दिवस गेली काही वर्षे 'अपघातमुक्त दिवस' म्हणून पाळतात. गृह मंत्रालयाच्या वेबसाइटवर प्रतिज्ञा नोंदवायची, त्या दिवशी ना नियम मोडायचा ना अपघात करायचा, की ४ पॉइंट कमी. मुलांच्या दप्तरांनी रस्ते गजबजलेले असतात, नेमका तोच दिवस.

आता भाच्याचा हिशेब. सीटबेल्टचे ४, मोबाइलचे ४, चिकटून चालवण्याचे ४, झाले १२. हे त्याचे स्वतःचे. वर्ग केला असता तर ४ उरले असते. पण कामाच्या ताणात राहिला. बाकीचे १२ आले कुठून?

कॅमेरा टिपतो गाडीचा नंबर, चालकाचा चेहरा नव्हे. दुसऱ्या ड्रायव्हरने कंपनीच्या व्हॅनने लाल सिग्नल तोडला होता. त्याच्या लायसन्सवर आधीच पॉइंट भरत आलेले. सुपरवायझर भाच्याला म्हणाला, "तू चालवत होतास असं सांग. पाचशे दिरहम देतो." तिथे हा धंदाच आहे म्हणे, पैसे घेऊन दुसऱ्याचे पॉइंट अंगावर घ्यायचे. याने आपले आधीचे किती आहेत हे तपासलेसुद्धा नाही. सही केली आणि २४ पुरे झाले.

मी विचारले, "म्हणजे न केलेला गुन्हा मी केला, असं तू पोलिसांना लिहून दिलंस?"

"खाला, सगळेच करतात."

"मी वर्गात खोटी सही करणाऱ्या पोराच्या आईला बोलावते. तुझी आई तर माझी बहीणच आहे."

तो हसला नाही. खरे सांगायचे तर राग मला त्याच्यापेक्षा त्या सुपरवायझरचा जास्त आला. ज्याची रोजी लायसन्सवर आहे, त्यालाच त्याने लायसन्स विकायला लावले. पण सही याची होती, आणि त्या बदल्यात रस्त्यावर कोण राहिला? लाल सिग्नल तोडणारा. तो उद्या कोणाच्या मुलावर गाडी घालेल तेव्हा त्या पाचशे दिरहमचे काय करायचे, याचे उत्तर भाच्याकडे नव्हते.

या तीन महिन्यांत बहिणीच्या माडीच्या स्लॅबचे काम थांबले आहे. सळया अंगणात गंजत आहेत. ऑक्टोबरमध्ये तो परत जाईल. माझ्यासमोर बसून त्याने फोनमध्ये पोलिसांचे अ‍ॅप उघडले, पॉइंट कुठे दिसतात ते मला दाखवले, आणि वाडीतल्या आणखी दोन मुलांनाही दाखवले. त्यातल्या एकाचे व्हॉट्सअ‍ॅपवरून भावाला विचारून झाले: त्याचे १६ निघाले. दुसऱ्या दिवशी त्या भावाने वर्गासाठी नाव घातले.

अम्मीला शेवटी त्यानेच सांगितले. तिने पाचशे दिरहमचे रुपये किती होतात एवढेच विचारले, आणि पुढे बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.