रोजच्या रस्त्याचें छायाचित्र

रविवारीं पहाटे, मोटारींची वर्दळ सुरू होण्यापूर्वीं, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शहरांतून सायकलस्वारांच्या लहानमोठ्या टोळ्या बाहेर पडतात. कोणी अंबरनाथच्या शिवालयापर्यंत जाऊन परततो, कोणी बदलापूरहून बारवी धरणाची वाट धरतो, तर कोणी म्हारळ-कांब्यावरून रायत्याच्या पुलापर्यंत मजल मारतो. आठाच्या सुमारास मंडळी घरीं येतात आणि चहाच्या पेल्याबरोबर फोनवर छायाचित्रांची देवघेव सुरू होते. घरांतील इतर माणसांस याचें नवल वाटतें. रस्ता तोच, पूल तोच, शिरस्त्राणाखालचे चेहरेहि तेच. मग दर आठवड्यास तेंच चित्र काढून एकमेकांस पाठविण्यांत हंशील काय?

हंशील आहे तें या ‘तेंच’ असण्यांतच. एकदांच पाहिलेल्या स्थळाचें चित्र त्याचें सौंदर्य दाखवितें. एकाच जागेवरून पुनःपुन्हां घेतलेलें चित्र तेथें झालेला बदल दाखवितें. अंबरनाथचेंच उदाहरण घ्यावें. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलें हें शिलाहारांचें मंदिर. १८६८ सालीं मुंबई सरकारनें त्याचीं मोजमापें व रेखाटनें करविलीं, छायाचित्रेंहि काढविलीं. शिल्पांची झीज ताडून पाहण्यास अशा कामाचा उपयोग होतो, तो तें केव्हां व कोठें झालें याची नोंद राहिली म्हणून. मंदिराशेजारून वाहणारी वालधुनी पुढें उल्हासनगरांतून कल्याणकडे जाते. कारखान्यांच्या सांडपाण्यानें तिचें पाणी कसें होतें तें या भागांतील माणसांस सांगावयास नको. परंतु दर रविवारीं एकाच पुलावर थांबून तिचें चित्र घेणाऱ्या सायकलस्वारापाशीं वर्षाअखेर बावन्न चित्रांचा पुरावा जमतो. नुसत्या तक्रारीपेक्षां त्याचें वजन अधिक.

मात्र यांत एक मेख आहे. फोन प्रत्येक चित्राच्या पोटांत तारीख, वेळ आणि मालकानें परवानगी दिली असल्यास अक्षांश-रेखांशहि लिहून ठेवतो. ‘एक्झिफ’ नांवाची ही नोंदपद्धति १९९५ सालीं जपानांत ठरविण्यांत आली. पण तेंच चित्र व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें पाठविलें कीं तें आकारानें लहान केलें जातें आणि ही नोंद गळून पडते. घेणाऱ्यास दिसते ती केवळ निरोप आल्याची वेळ. गेल्या वर्षींचें चित्र आज पुढें ढकललें तर तें आजचेंच भासतें!

उन्हाळ्यांत यानें फारसें बिघडत नाहीं. पावसाळ्यांत मात्र जिवाशीं गांठ पडते. उल्हास नदी फुगली म्हणजे किती अल्पावकाशांत फुगते हें २६ जुलै २००५ रोजीं दिसलें, आणि २७ जुलै २०१९ रोजीं पुन्हां दिसलें. त्या दिवशीं बदलापूर व वांगणी यांच्यामध्यें महालक्ष्मी एक्सप्रेस हजारांवर उतारूंसह पाण्यांत अडकून पडली होती. बारवी धरण भरलें कीं त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात व तें पाणी पुढें उल्हासेस मिळतें. मोठ्या पुरांत रायत्याचा पूल पाण्याखालीं जातो. अशा दिवशीं सकाळीं सहाचें ‘रस्ता मोकळा’ असें चित्र दहा वाजतां खोटें ठरूं शकतें, आणि तारीख नसलेलें चित्र तर कोणास कोठें नेऊन सोडील याचा नेम नाहीं. कोंडेश्वरच्या कुंडाचीं प्रसन्न चित्रें पाहून तेथें उतरलेलीं माणसें बुडाल्याच्या बातम्या याच ऋतूंत येतात.

उपाय अगदीं साधा आहे. चित्राखालीं एक ओळ लिहावी : ‘रायते पूल, कल्याणची बाजू, रविवार, सकाळीं ६.४०, पाणी कठड्याच्या बरेंच खालीं.’ वार लिहिला तरी तारीख विसरूं नये. रविवार काय, दर आठवड्यास येतो. मूळ नोंदीसह चित्र पाठवावयाचें असेल तर तें दस्तऐवज म्हणून जोडावें, म्हणजे तें लहान होत नाहीं.

तत्रापि सर्वच कांहीं सर्वांस कळूं देणें बरें नव्हे. दर रविवारीं साडेपांचास एकाच दारांतून निघाल्याचें चित्र किंवा नकाशा म्हणजे घर केव्हां रिकामें असतें याचें वेळापत्रकच. ‘स्ट्राव्हा’ या व्यायाम नोंदविणाऱ्या उपयोजनानें सभासदांच्या फेऱ्यांचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हां जानेवारी २०१८ मध्यें त्यावरून दूरदेशींचे लष्करी तळहि ओळखूं आले. अंबरनाथास तर शस्त्रास्त्रांचा सरकारी कारखाना आहे. त्याच्या भिंतीपाशीं फोन खिशांतच राहूं द्यावा. आणि घराच्या दारापासून नोंद सुरू करण्याऐवजीं ती कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपासून करावी. टोळी नाहींतरी तेथेंच जमते.