दोन इंच पाणी

टोमॅटोची पिकअप शिट्टी का मारते, हे बघायला मी त्या गॅरेजात शिरलो. संगमनेरच्या बाहेर, पुणे-नाशिक रस्त्याला लागून पत्र्याची शेड. गाडीत कॅरेटं गच्च भरलेली. अडीच लिटरचं टर्बो डिझेल इंजिन. गाडीवाल्या पोराने रेस देऊन सोडली की बोनेटखालून ‘फुस्स्’. कंपनीचा एअर क्लीनरचा काळा डबा काढून त्याने लाल सुळक्यासारखा उघडा फिल्टर बसवला होता. विकणाऱ्याने दहा एचपी वाढेल असं सांगितलं होतं.

मेस्त्री साठीचे. काही न बोलता त्यांनी टर्बोकडे जाणारा पाइप सोडवला आणि आत बोट फिरवलं. फिल्टरच्या पलीकडची ही बाजू. इथे धूळ असताच कामा नये. बोटावर मैद्यासारखी बारीक माती आली. दोन बोटांत ती चोळत त्यांनी माझ्या कानाशी धरली. करकर ऐकू आली. वाळूच ती, पिस्टनच्या रिंगा तासणारी. असं इंजिन ३,००० फेऱ्यांवर मिनिटाला ३,७५० लिटर हवा ओढतं, टर्बोचा जोर वेगळाच. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या जवळजवळ चार टाक्या, दर मिनिटाला, आणि तीही शेताच्या कच्च्या रस्त्यावरची.

“पण मामा, गाडी हलकी वाटतीय,” पोरगा म्हणाला. “दहा एचपी...”

“वाटण्याला इंच नसत्यात,” मेस्त्री म्हणाले आणि गवंड्याची लेव्हलची नळी घेऊन आले.

ती पारदर्शक नळी त्यांनी फळीच्या तुकड्यावर इंग्रजी यू अक्षरासारखी बांधली, तीत निळ्या शाईचं पाणी भरलं, एक टोक टर्बोच्या अलीकडच्या पाइपाला जोडलं आणि दुसरं उघडं ठेवलं. फिल्टर हवेला जितका अडवेल तितकं पाणी एका बाजूला वर चढणार. उभ्या गाडीत हे मोजून उपयोग नाही. माल हवा, चढ हवा. म्हणून चंदनापुरी घाट. फळी मांडीवर धरून मी केबिनमध्ये बसलो. तोच गिअर, तोच चढ, तोच माल, तीन फेऱ्या. टोमॅटो तीनदा घाट चढले, हे नारायणगावच्या व्यापाऱ्याला कोणी सांगू नये.

पहिल्या फेरीला पोराचा आधीचा कागदी फिल्टर, जो त्याने पंक्चरवाल्याकडे हवा मारून मारून वापरला होता. पाण्यात बावीस इंचांचा फरक! दुसऱ्या फेरीला नवा कागदी फिल्टर, कंपनीच्याच डब्यात. आठ इंच. तिसऱ्या फेरीला लाल सुळका. सहा.

दोन इंच. हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे चारशे इंच पाण्याएवढा असतो, इथे थोडा कमी. त्यातले दोन इंच, म्हणजे अर्धा टक्का. गाडी हलकी वाटली ती सुळक्यामुळे नव्हे, तुंबलेला फिल्टर गेला म्हणून.

शिवाय तो अर्धा टक्काही हाती लागत नाही. कंपनीचा डबा पुढून बाहेरची हवा घेतो. सुळका रेडिएटरच्या मागे बसून तापलेली हवा पितो. ३५ अंशांची हवा ६५ अंशांवर गेली की सुमारे नऊ टक्क्यांनी विरळ होते. इंटरकूलर त्यातली काही उष्णता काढतो, सगळी नाही. आणि डिझेल गाडीची ताकद ठरते ती फवारलेल्या डिझेलवर. ते कंप्युटर मोजूनमापून देतो. नुसती हवा वाढवून दहा एचपी कुठून येणार? रेसवाले डिझेलचं गणितही बदलून घेतात, त्यांची गोष्ट वेगळी. या गाडीला कॅरेटं वाहायची आहेत.

मेस्त्रींनी सुळक्याच्या तेलकट कापडावर अंगठा दाबला. हेच तेल उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं, म्हणाले. मग डबा परत बसवला, चारही क्लिपा आवळल्या. दहा मिनिटांचं काम.

पोरगा सुळका हातात घेऊन उभा. “आवाज लई भारी होता, मामा.”

“होता की,” मेस्त्री म्हणाले. खरंच होता, मीही त्यासाठीच आत आलो होतो.

सुळका त्याने सीटमागे ठेवला, वर टॉवेल टाकला. मेस्त्री नळीतलं निळं पाणी गटारात ओतत होते. गवंडी केव्हाचा दारात उभा होता, त्याला नळी परत हवी होती.