एका बाकावरची दोन गुपिते

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या, हे आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागाला कॅलेंडर न पाहताही कळते. पहिल्या चार-पाच दिवसांत येतात ती फटाक्यांच्या धुराने दमा उसळलेली, प्रवासात सर्दी-खोकला घेऊन आलेली, फराळाने आणि जागरणाने पोट बिघडलेली मुले. ही गर्दी आठवडाभरात ओसरते. मग वेगळी मुले येऊ लागतात. कोणाच्या पोटावर पाण्याने भरलेले बारीक फोड, कोणाचा कानाखालचा गाल सुजलेला, कोणी रात्रभर बोटांच्या बेचक्यात खाजवत जागलेला. सोबतच्या आईचा प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, शाळेत पाठवलं तर चालेल ना?"

याचे उत्तर आजारानुसार बदलते; ते पुढे देणारच आहे. पण त्याआधी एका मुलाची हकिगत सांगते.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुरुवातीला दुसरीतला एक मुलगा आमच्याकडे दाखल झाला. अंगभर कांजिण्या, सणसणून ताप आणि धाप. त्याला मूत्रपिंडाचा जुना विकार होता. या विकारात लघवीवाटे शरीरातील प्रथिने वाहून जातात आणि अंगावर सूज चढते. त्यासाठी त्याला स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. या गोळ्यांनी विकार आटोक्यात राहतो, पण शरीराची प्रतिकारशक्तीही दबते. धडधाकट मुलाला आठवडाभर खाजवायला लावून निघून जाणाऱ्या कांजिण्या अशा मुलाच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकतात. त्याच्या पोहोचल्या होत्या. शिरेतून औषधे, ऑक्सिजन, त्यातले दोन दिवस अतिदक्षता विभागात. अकरा दिवसांनी तो घरी गेला, हे त्याचे आणि आमचे नशीब.

चौकशीत कळले ते असे. त्याच्याच बाकावर बसणारा मित्र भाऊबिजेला मामाच्या गावी गेला होता. तिथे एका भावंडाला कांजिण्या होत्या. शाळा सुरू झाल्यावर काही दिवसांनी या मित्राच्या अंगावर फोड आले. त्याच्या आईने ते ओळखलेही. पण ती चार घरची धुणीभांडी करते, खाडा झाला की पैसे कापले जातात, घरी मुलाकडे बघायला कोणी नाही आणि दुपारची खिचडी शाळेतच मिळते. तिने त्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, बाईंनी विचारले तर 'उष्णता उठलीय' म्हणून सांग, असे बजावले आणि शाळेत पाठवले.

मला तिचा राग आला होता. पण दाखल मुलाच्या आईशी बोलताना कळले की तिनेही शाळेला काही सांगितले नव्हते. आपल्या मुलाला वेगळे बसवतील, पोरे चिडवतील, उद्या काही झाले तर नको म्हणून शाळा त्याला घरीच बसवायला सांगेल, ही तिची भीती. त्यामुळे वर्गात असा एक मुलगा आहे, ज्याला कांजिण्यांपासून जपायला हवे, हे वर्गशिक्षिकेला ठाऊकच नव्हते. एका बाकावर दोन गुपिते शेजारी शेजारी बसली होती आणि दोन्ही आयांनी ती आपापल्या लेकराच्या काळजीपोटीच जपली होती.

भाऊबीज ते वर्ग : दिवसांचा हिशेब

सुट्टीतला आजार शाळा उघडल्यावरच का दिसतो? जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात. साध्या सर्दीत हा काळ एक ते तीन दिवसांचा, पण कांजिण्यांमध्ये १० ते २१ दिवसांचा असतो. गालगुंडालाही साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. गोवरात संपर्कानंतर सुमारे १० दिवसांनी ताप येतो आणि १४ दिवसांच्या आसपास पुरळ उठते. खरूज पहिल्यांदाच झाली असेल तर खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे भाऊबिजेला एका सतरंजीवर झोपलेल्या आते-मामे भावंडांनी एकमेकांना काय दिले, ते परिपाठाच्या रांगेत दिसणार.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो १८४६ मध्ये. उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर तेव्हा गोवराची साथ आली. ६५ वर्षे तिथे गोवर नव्हता. सुमारे ७,८०० लोकांपैकी ६,००० जण आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पाठवलेला पीटर पानुम हा पंचविशीतला डॉक्टर गावोगाव फिरला. लोक एकत्र कधी आले आणि पुरळ कधी उठले, याच्या तारखा त्याने लिहून काढल्या. देवमाशांच्या शिकारीसाठी एके दिवशी जमलेल्या माणसांना साधारण १४ दिवसांनी पुरळ आल्याचे त्याला दिसले. त्याने आणखी एक गोष्ट टिपली. आधीच्या, १७८१ च्या साथीत ज्या म्हाताऱ्यांना गोवर होऊन गेला होता, ते या वेळी आजारी पडले नाहीत. हाताशी सूक्ष्मदर्शकातला पुरावा नसताना, विचारपूस आणि तारखा एवढ्यावर त्याने हे शोधले. आपल्या शाळेतली हजेरीवही हेच काम करू शकते.

अडचण अशी की यातले काही आजार लक्षणे दिसण्याआधीच पसरू लागतात. कांजिण्यांचे मूल फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून संसर्ग देते. गोवरात हा काळ पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुढे चार दिवसांपर्यंतचा असतो आणि गोवराचा विषाणू बंद खोलीतील हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. त्यामुळे 'कोणी आणला' हे शोधून दोष देण्यात अर्थ नसतो. पण पहिला रुग्ण कळल्याबरोबर पुढच्यांना सावध करता येते.

आणि इथेच वेळेला किंमत आहे. कांजिण्यांशी संपर्क आल्याचे लवकर समजले तर प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला जास्तीत जास्त १० दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते. ते न मिळाल्यास डॉक्टर विषाणूरोधक गोळ्यांचा विचार करतात. ज्या निरोगी मुलाला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. आमच्याकडे आलेल्या मुलासाठी हे सगळे करता आले असते. फोड आल्यावर तो आला, तोपर्यंत ते दिवस निघून गेले होते.

कोणी किती दिवस घरी राहावे?

आता आयांच्या प्रश्नाचे उत्तर. नाक वाहते आहे, पण ताप नाही, मूल खेळते-जेवते आहे, तर शाळेत पाठवायला हरकत नाही. रुमाल द्यावा, कोपरात खोकायला शिकवावे. ताप असेल तर औषध न देताही २४ तास ताप न येईपर्यंत घरी ठेवावे. सकाळी तापाचे औषध पाजून शाळेत पाठवू नये. औषधाचा अंमल चार-सहा तासांत उतरतो आणि मधल्या सुट्टीनंतर मूल पुन्हा तापाने फणफणते.

कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत घरी ठेवावे. याला साधारण आठवडा लागतो. खपली पूर्ण गळून पडायची वाट पाहण्याची गरज नाही. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस आणि गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस घरी ठेवावे. जुलाब-उलट्या थांबल्यावर दोन दिवसांनी पाठवावे.

खरजेसाठी मात्र शाळा आठवडाभर बुडवायची गरज नसते. डॉक्टरांनी दिलेले पर्मेथ्रिन मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत, बेंबीत, नखांखाली लावायचे, सकाळी अंघोळ घालायची आणि शाळेत पाठवायचे. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, त्याच रात्री मलम लावायचे आणि आठवड्याने पुन्हा एकदा. अंथरूण-पांघरूण आणि कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. एकट्या मुलाला मलम लावले, तर महिन्याभरात पुन्हा खाज. उवांसाठीही मुलीला घरी बसवू नये, केस तर कापूच नयेत. औषध आणि बारीक दातांची फणी पुरते.

कांजिण्यांविषयी दोन-तीन समज अजून घट्ट आहेत. 'बाया आल्यात' म्हणून मुलाला सात दिवस अंघोळ घालत नाहीत, मीठ-तिखट बंद करतात. कोमट पाण्याची अंघोळ घालावी, त्याने खाज कमी होते आणि फोडांत पू होण्याचा धोकाही घटतो. नखे कापावीत. नेहमीचे जेवण द्यावे. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्यासाठी औषध थांबवू नका. तापासाठी वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल पुरते. ॲस्पिरिन मुलांना अजिबात देऊ नये. कांजिण्या किंवा फ्लूमध्ये त्याने यकृत आणि मेंदूला क्वचित पण गंभीर इजा होऊ शकते. आयबुप्रोफेनही टाळावे. मूल सुस्त पडले, धाप लागली, पाणी पिईना, झटका आला, उतरलेला ताप पुन्हा चढला किंवा एखादा फोड लाल, गरम होऊन ठणकू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

लसीकरणाचे कार्डही एकदा काढून पाहावे. गोवर-रुबेलाची लस सरकारी कार्यक्रमात ९ महिन्यांनी आणि १६ ते २४ महिन्यांत मोफत मिळते. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताचा बूस्टर पाच-सहा वर्षांचा असताना, म्हणजे पहिलीत जाण्याच्या सुमारास असतो आणि नेमका तोच राहून जातो. कांजिण्या आणि गालगुंडाच्या लसी सरकारी वेळापत्रकात नाहीत. त्या खासगी ठिकाणी विकत घ्याव्या लागतात. म्हणून या दोन आजारांत एकमेकांना सांगण्याची गरज जास्त.

शाळेला काय करता येईल?

पहिली गोष्ट, नाव न घेता कळवणे. 'आपल्या वर्गात कांजिण्यांचा एक रुग्ण आढळला आहे. ज्या मुलांना दीर्घ आजार आहे किंवा घरात गर्भवती स्त्री आहे, त्यांनी लगेच डॉक्टरांना भेटावे.' पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एवढा निरोप पुरतो. कोणाचे मूल, हे त्यात नको. नाव फुटले की पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही.

दुसरी, सुट्टीनंतरच्या पहिल्याच पालकसभेत दीर्घ आजारांची माहिती खासगीत विचारणे. मूत्रपिंडाचे विकार, रक्ताच्या कर्करोगावरील उपचार, थॅलेसेमिया, दमा, फिट येणे. ही यादी मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांपुरतीच राहील, हा शब्द द्यायचा आणि पाळायचा. आणि आजारामुळे मुलाला शाळेतून काढणार नाही, हेही स्पष्ट सांगायचे. आजार आटोक्यात असताना अशा मुलांना कोणत्या लसी घेता येतील, ते त्यांचे डॉक्टर सांगू शकतात.

तिसरी, शंभर टक्के हजेरीचे बक्षीस. हेतू चांगला असला तरी त्या कौतुकापायी फणफणलेली मुलेही वर्गात येऊन बसतात. आजारपणाची रजा हजेरीतून वजा धरू नये. घरी राहिलेल्या मुलाचा अभ्यास शेजारच्या मुलाबरोबर पाठवता येतो. आणि जिची रोजंदारी बुडते त्या आईसाठी? वस्तीत ज्यांना कांजिण्या होऊन गेल्या आहेत अशा एखाद्या आजीने, काकूने मुलाकडे बघितले तर तिचा खाडा टळतो. मुलाला घरी ठेवा, असा सल्ला देणे आम्हा डॉक्टरांना सोपे असते. आठवडाभराची मजुरी बुडवून तो पाळणे ज्यांच्या वाट्याला येते त्यांची सोयही कोणीतरी बघायला हवी.

शेवटी रिकाम्या बाकांविषयी. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार कारखान्यांकडे निघतात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहतात, काही आईवडिलांबरोबर फडावर जातात. सुट्टीनंतर गैरहजर असलेले मूल आजारी आहे की गाव सोडून गेले आहे, हे गुरुजींनी विचारावे. गेले असेल तर लसीचे कार्ड सोबत नेले का, हेही. राहिलेली लस दुसऱ्या जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रातही मोफत मिळते. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने लहान मुलांचे जीव घेतले, तेव्हा त्यातल्या बऱ्याच मुलांच्या लसी राहून गेल्या होत्या.

गेल्या वर्षी सुट्टीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी एक बाप आपल्या चौथीतल्या मुलीला घेऊन आला. रक्ताच्या कर्करोगावर तिचे उपचार चालू होते. अंगावर काही नव्हते, ताप नव्हता. मी विचारले, "काय होतंय?" तो म्हणाला, "काही होत नाही मॅडम. पण वर्गात कुणाला तरी कांजिण्या आल्यात, असं बाईंनी परवा कळवलं. हिची फाइल शाळेत दिलेली आहे ना, म्हणून त्यांनी वेगळा फोनही केला." संपर्काला चारच दिवस झाले होते. आम्ही तिला त्याच दुपारी इंजेक्शन दिले आणि पुढचे चार आठवडे तिच्यावर लक्ष ठेवले. तिला कांजिण्या आल्या नाहीत.