भिंतीवरच्या चौकटीतली तारीख

दाताच्या डॉक्टरांकडे आपला नंबर येईपर्यंत भिंतीकडे पाहत बसण्याखेरीज दुसरे काम नसते. भिंतीवर बीडीएसची पदवी असते, एखादे पदक असते, औषध कंपनीचे कॅलेंडर असते. त्याच रांगेत राज्य दंत परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्रही टांगलेले असते, पण ते सहसा कुणी वाचत नाही. पदवी जन्मभराची असते. नोंदणीला मात्र मुदत असते.

ही पद्धत १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने घालून दिली. ज्या वर्षी नाव नोंदले गेले, त्याच्या पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत काळजी नाही. त्यानंतर नाव टिकवायचे तर दर वर्षी १ एप्रिलच्या आत शुल्क भरायचे. काही राज्यांच्या परिषदा एकदम पाच वर्षांचे शुल्क घेऊ लागल्या. सोय झाली खरी, पण पाच वर्षांनी येणारी तारीख विसरायलाही तितकीच सोपी!

शुल्क चुकले की निबंधकाने नाव वहीतून कमी करायचे, असे कायदा सांगतो. नाव गेले म्हणून हातची विद्या जात नाही. पण त्या काळात केलेला व्यवसाय बेकायदा ठरू शकतो, आणि दिलेला दाखला ग्राह्य धरला जात नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या रुग्णालयातली नेमणूकही नोंदणीवाचून मिळत नाही.

हा फटका कुणाला बसतो? गजबजलेला दवाखाना चालवणाऱ्याला क्वचितच. पुण्यात बीडीएस झालेली मुलगी लग्न होऊन इंदूरला किंवा बडोद्याला जाते. मग बाळंतपण, मुलांच्या शाळा, सासूबाईंचे आजारपण. प्रमाणपत्र माहेरच्या कपाटात आणि परिषदेची पत्रे माहेरच्याच पत्त्यावर! सहा-सात वर्षांनी दवाखाना थाटायचे ठरते, तेव्हा कळते की नाव वहीत नाही. अशांनी घाबरून जायचे कारण नाही. ठरलेले शुल्क भरून नाव पुन्हा लावता येते, आणि अर्ज केल्यास नोंदणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येते. मात्र आधी जुन्या परिषदेचा हिशेब चुकता करावा लागतो. घर बदलले की गॅसच्या जोडणीबरोबर परिषदेलाही नवा पत्ता कळवला, तर हा व्याप वाचतो.

मूळ कायद्यात नूतनीकरण म्हणजे शुल्क, एवढाच हिशेब होता. डॉक्टर नवे काही शिकले का, हे कुणी विचारत नव्हते. सततच्या दंतशिक्षणाचे गुण नंतर आले. २०२३ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. त्यात राष्ट्रीय नोंदवहीची आणि परवान्यासाठी अखेरच्या परीक्षेची तरतूद आहे.

रुग्णाने काय करावे? पुढच्या वेळी नोंदणी क्रमांक आणि मुदतीची तारीख नजरेखालून घालावी. दिसत नसेल तर सरळ विचारावे. ज्यांचे कागद नीट आहेत, ते डॉक्टर रागावत नाहीत.