फॅमिकॉम: कारखाना थांबला, खेळ चालू राहिला

सप्टेंबर २००३ मध्ये निन्टेंडोने आपल्या फॅमिकॉम या घरगुती व्हिडिओ गेम यंत्राचं उत्पादन बंद केलं. १५ जुलै १९८३ ला १४,८०० येन किमतीला जपानी बाजारात आलेलं हे यंत्र वीस वर्षं बनत राहिलं. त्याच्यासाठीचा शेवटचा अधिकृत खेळ जून १९९४ मध्ये आला होता. म्हणजे पुढची नऊ वर्षं एकही नवा खेळ येत नसताना कारखान्यातून यंत्रं बाहेर पडतच होती. १९९० साली आलेलं त्याचं धाकटं भावंड, सुपर फॅमिकॉम, तेही याच वेळी थांबलं. कंपनीने कारण साधं दिलं: सुटे भाग मिळणं कठीण झालंय. गिऱ्हाईक संपलं होतं असं नाही. तोवर जगभरात ६ कोटी १९ लाखांहून जास्त यंत्रं विकली गेली होती, त्यातली १ कोटी ९३ लाख एकट्या जपानात.

एवढं आयुष्य त्याला लाभलं कसं, हे समजून घ्यायचं तर आतल्या सर्किटच्या पट्टीवर यावं लागतं. निन्टेंडो ही क्योतोची, १८८९ पासून हानाफुदा पत्ते बनवणारी कंपनी. तिचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी १९८१ साली मासायुकी उएमुरा या अभियंत्याला सांगितलं, कॅसेट बदलून खेळता येईल असं यंत्र कर, आणि ते स्वस्त असलं पाहिजे. उएमुरांनी रिको कंपनीकडून प्रोसेसर करून घेतला. त्याचा गाभा अमेरिकेतल्या ६५०२ या स्वस्त चिपचा, त्यातला दशमान गणिताचा भाग तेवढा वगळलेला. कामाला मेमरी फक्त २ किलोबाइट. चित्रं काढायला वेगळी चिप. कंट्रोलर यंत्रालाच वायरने जोडलेले, दुसऱ्या कंट्रोलरवर छोटा मायक्रोफोन. लाल-पांढरा रंग खुद्द यामाउचींच्या पसंतीचा.

सुरुवात काही निर्वेध झाली नाही. पहिल्या यंत्रांमधल्या एका चिपमध्ये दोष निघाला, खेळ मध्येच अडकू लागले. कंपनीने यंत्रं परत मागवली आणि मदरबोर्ड बदलून दिले. रबरी चौकोनी बटणं कोपऱ्यात अडकून बसायची, म्हणून ती गोल केली गेली. हा खर्च तेव्हाच सोसला नसता तर पुढची वीस वर्षं आलीच नसती, असं मला वाटतं.

खरी करामत मात्र कॅसेटमध्ये होती. प्रोसेसरला कॅसेटमधला प्रोग्राम एका वेळी साधारण ३२ किलोबाइटच दिसायचा. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ चित्रांसकट अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसला, तो या मर्यादेत राहूनच. मग खेळ करणाऱ्यांनी कॅसेटमध्येच आणखी एक चिप बसवायला सुरुवात केली. ती गरजेप्रमाणे मेमरीचे तुकडे आलटूनपालटून प्रोसेसरपुढे आणायची. पुढे या चिपा पडद्याचा अर्धा भाग स्थिर ठेवून उरलेला सरकवायलाही मदत करू लागल्या, काही तर जास्तीचे सूरही देऊ लागल्या. १९९३ चा ‘कर्बीज अॅडव्हेंचर’ ७६८ किलोबाइटचा आहे. यंत्र तेच, दहा वर्षांपूर्वीचं. पण कित्येक नव्या कॅसेटी स्वतःबरोबर त्याची ताकद वाढवणारा तुकडा घेऊन येत होत्या. घरातलं यंत्र टाकून नवं घ्या, असं सांगायची वेळ त्यामुळे बरीच लांबली. असा दिलदार आराखडा मी दुसऱ्या कुठल्या गेम यंत्रात पाहिलेला नाही.

भारतात निन्टेंडोचं यंत्र ‘समुराई’ या नावाने अधिकृतपणे विकलं गेलं, पण आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलं ते नकली. तैवानच्या यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या दोन्ही मुख्य चिपांची नक्कल केली. पुढे सगळंच एका चिपमध्ये आलं. असं एखादं यंत्र उघडून पाहिलं तर आत जवळपास काहीच दिसत नाही: हिरवी पट्टी, चार-दोन कपॅसिटर, आणि मधोमध काळ्या राळेचा वाळलेला थेंब. त्या थेंबाखाली अख्खा फॅमिकॉम. रशियात १९९२ पासून हाच ‘डेंडी’ म्हणून विकला गेला, पोलंडमध्ये ‘पेगासस’ म्हणून. आपल्याकडच्या पिवळ्या-निळ्या कॅसेटी साठ पिनांच्या, म्हणजे जपानी मापाच्या. अमेरिकेतल्या यंत्राला बहात्तर पिना लागत. ‘९९९९९९९ इन वन’ची यादी उघडली की तेच मूठभर खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भेटायचे. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, ही रीत पुण्या-मुंबईत होती तशीच ओसाका आणि शिकागोतही होती. खरं काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. तोंडातल्या ओलाव्याने पिना उलट गंजायच्या.

यंत्र धड राहिलं तरी त्याची एक गोष्ट मात्र निसटली, ती म्हणजे खेळातली बदकं मारायची बंदूक. बंदुकीतून पडद्याकडे काहीच जात नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. घोडा दाबताक्षणी पडदा निमिषभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. काळ्यानंतर पांढरं दिसलं तर नेम लागला. दिव्याकडे नेम धरून फसवता येऊ नये म्हणून आतलं सर्किट फक्त जुन्या टीव्हीच्या रेघा ज्या गतीने उमटतात तोच प्रकाश मोजतं. सपाट टीव्हीवर त्या रेघा नाहीत, शिवाय चित्र किंचित उशिरा येतं. बंदूक धडधाकट असूनही एकही बदक पडत नाही. डबा टीव्ही घरातून गेला तेव्हा तो या यंत्राचा अर्धा भाग बरोबर घेऊन गेला.

इतर यंत्रांचे शेवटही असेच मागाहून आले. १९७७ चं अटारी २६०० अधिकृतपणे १९९२ च्या जानेवारीत थांबलं. प्लेस्टेशन २ हे मार्च २००० मध्ये आलं आणि १५ कोटींवर विकलं जाऊन २०१३ च्या सुरुवातीला बंद झालं. त्याच्या उतारवयात मुंबईच्या ट्राइन कंपनीने त्याच्यासाठी गल्ली क्रिकेटचा खेळ केला होता.

फॅमिकॉमची खरी अखेर मी २००३ नव्हे, ३१ ऑक्टोबर २००७ मानतो. त्या दिवशी निन्टेंडोने दुरुस्तीही थांबवली, पुन्हा सुट्या भागांच्याच टंचाईमुळे. चोवीस वर्षं जुनं यंत्र तोवर कंपनी हातात घेऊन दुरुस्त करून देत होती. आज तीन वर्षांच्या मोबाइलला भाग मिळत नाही म्हणून हात वर केले जातात, तेव्हा या चोवीस वर्षांचं मोल मला फार वाटतं.

उएमुरा निवृत्तीनंतर क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात गेले आणि जुने खेळ जतन करण्याच्या, त्यांच्या अभ्यासाच्या कामात रमले. डिसेंबर २०२१ मध्ये ते गेले. जपानी यंत्रांची अशी राखण झाली. आपल्या कपाटांत पडलेल्या नकली यंत्रांचीही व्हायला हवी. ती कुठून आली, कोणत्या दुकानातून किती रुपयांना घेतली, राळेचा थेंब आहे की वेगळ्या चिपा, हे विचारता येतील अशी माणसं अजून आपल्यात आहेत. कॅसेटचे स्क्रू काढून पट्टीचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्यावेत, वेष्टण असेल तर तेही, आणि त्याबरोबर गावाचं नाव आणि साल लिहून ठेवावं.